भाड्याचा हत्ती

जनाबाईंची मुलगी अन्नपूर्णा, अन्नपूर्णेची मुलगी इरावती आणि इरावतीची मुलगी आपल्या कथेची नायिका वसुधा. या चौघींत नाक सोडले तर समान असे एकच होते: कुणाचे काही अंगावर राहिलेले त्यांना सोसत नसे. जनाबाई शेजारून उसनी आणलेली साखरेची वाटी शीग लावून परत करीत आणि ती शीग शेजारणीच्या नजरेस पडली की नाही, हे दारात उभ्या राहून पाहत. अन्नपूर्णाबाई अखेरच्या दुखण्यात, डॉक्टरांनी बोलण्याची सक्त मनाई केलेली असताना, "पेंढारकरांची चाळणी" एवढेच म्हणाल्या आणि चाळणी पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत त्यांनी डोळे मिटले नाहीत. इरावतीबाई तर खांडव्याच्या वाटेवरून एकट्या इंदूरला माघारी आल्या होत्या, कारण दुसऱ्या कुणाची छत्री चुकून त्यांच्या हाती आली होती. वऱ्हाड पुढे निघून गेले. लग्न त्यांच्या सख्ख्या दिराचे होते.

अशा घराण्यातल्या वसुधाबाई टाकळकर यांच्या नावावर चाळीसहून अधिक वर्षे एक ऋण थकले होते. ते पैशांचे नव्हते. पैशांचे असते तर दुसऱ्याच दिवशी सकाळी फिटले असते. ते दुपट्याचे होते.

वसुधाबाईंच्या सुधाकरच्या बारशाला सरकारी क्वार्टरमधल्या शेजारीण दुर्गाबाई वानखेडे यांनी हाताने शिवलेले दुपटे दिले होते. जुन्या मऊ लुगड्याचे, चारी कोपऱ्यांत मोर, आणि टाका इतका साफ की सुलटी बाजू कोणती आणि उलटी कोणती यावर बारशाला जमलेल्या बायकांत दोन तट पडले. वसुधाबाईंनी त्याच वेळी मनाशी ठरवले की याची फेड करायची. फेडीचा त्यांचा नियम साधा होता. विकतच्या वस्तूला विकतची, हातच्या वस्तूला हातची, आणि दुपट्याला दुपटेच. अडचण एवढीच की दुपट्यासाठी समोरच्या घरात बाळ लागते. दुर्गाबाईंचा बुद्धरत्न त्या वेळी शाळेत जाऊ लागला होता आणि केवळ वसुधाबाईंच्या सोयीकरिता दुसरे मूल होऊ देण्याचे दुर्गाबाईंनी मनावर घेतले नाही. पुढे बुद्धरत्नाला मैत्री ही मुलगी झाली, तेव्हा वसुधाबाई विषमज्वराने रुग्णालयात पडून होत्या. मैत्रीने जन्माला येण्याची थोडी घाई केली, असे त्यांचे मत आजही कायम आहे.

दुर्गाबाई स्वभावाने सरळ होत्या, परंतु कुठल्याही लग्नात, मयतीत वा बाजारात गाठ पडली की त्या न चुकता विचारीत, "काय गं वसुधा, ते दुपटं टिकलं का?" प्रश्न निष्पाप होता. वसुधाबाईंना तो वसुलीच्या नोटिशीसारखा ऐकू येई.

त्यामुळे महूहून दुर्गाबाईंचा फोन आला, तेव्हा वसुधाबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"वसुधा, पणजी झाले गं मी. मैत्रीला मुलगी झाली. पुढच्या महिन्यात नामकरण ठेवलंय, महूलाच. अप्पासाहेबांना घेऊन ये. आणि हे बघ, काही आणू नको. आता या वयात कुठे तू सुई-दोरा घेऊन बसतेस!"

"येते," वसुधाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून यजमानांकडे वळल्या. "ऐकलंत? काही आणू नको म्हणाल्या."

"मग चांगलंच आहे ना," अप्पासाहेब पेपरातून डोके न काढता म्हणाले. "टेंशन खतम. पाकीट देऊन टाकू."

अप्पासाहेबांचा जन्म इंदुरातला, नोकरी इंदुरातली, आणि मराठी घरात बोलण्यापुरते. एखाद्या वाक्यात किती अपमान मावू शकतो, हे त्यांना पन्नास वर्षांच्या संसारात समजले नव्हते.

वसुधाबाईंच्या उजव्या अंगठ्याचा सांधा अलीकडे धरला होता. भरतकामाची बारीक सुई चिमटीत राहत नसे. परंतु घरात एक भरतकामाचे यंत्र होते. पुण्याच्या सुधाकरने आईच्या सत्तरीला ते दिले होते. संगणकावर नक्षी काढावी, ती यंत्राला पाठवावी आणि यंत्राने ती स्वतः भरून काढावी, अशी त्याची रीत. यंत्राने भरलेले हातचे मानावे काय, या प्रश्नावर वसुधाबाईंनी स्वतःशी दीर्घ विचार केला होता. नक्षी आपली, रंग आपले, कापड आपले. सुई फक्त वीज चालवते. पोळीही आपण तव्यावर भाजतो, तळहातावर नव्हे. निकाल त्यांच्या बाजूने लागला.

आता ही नक्षी संगणकावर ज्या प्रोग्रामात काढायची, त्याविषयी सांगणे प्राप्त आहे. यंत्र विकत घेतले की ते आपले होते. प्रोग्राम मात्र, पैसे भरूनही, आपला होत नाही; तो दरमहा भाड्याने राहतो. पूर्वी असे प्रोग्राम चकतीवर मिळत. एकदा घ्यावे, कपाटात ठेवावे, आणि कपाट उघडेपर्यंत त्यांनी कुणाला त्रास देऊ नये. नवा प्रोग्राम परदेशातल्या कुठल्याशा कंपनीत बसलेला असे, वसुधाबाईंच्या नक्ष्याही तो तिकडेच ठेवून घेई, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेतून आपले भाडे स्वतःच्या हाताने काढून नेई. ज्यांचा भरतकामाचा कारखाना आहे त्यांना हे परवडत असेल. वसुधाबाई मनात आले तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नक्षी काढीत, आणि मग दोन-दोन महिने यंत्रावरचे फडकेही उचलीत नसत. त्या दोन महिन्यांचेही भाडे जाई. दूध बंद ठेवले तरी दुधाचे बिल यावे, तसा हा प्रकार.

दूध. हा शब्द मनात आला आणि वसुधाबाईंना मार्ग दिसला.

त्यांच्या घरी दुधाचा आणि वर्तमानपत्राचा खाडा धरण्याची शिस्त लग्नापासून होती. गावाला गेलो, दूध आले नाही, नासके आले, की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेवर फुली. महिनाअखेर फुल्यांचे पैसे कापून बिल चुकते. दूधवाले तीन पिढ्यांचे बदलले, परंतु फुल्यांवर कुणी वाद घातला नाही. एकाने घातला होता, त्याला पुढे भावाची गादी चालवायला उज्जैनला जावे लागले. या दोन गोष्टींचा संबंध नव्हता, पण वसुधाबाई तो सांगत असत.

तेव्हा त्यांनी प्रोग्रामचेही खाडे धरण्यास प्रारंभ केला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे दिवस, नाशिकची भाची आली तो आठवडा, खजराण्याच्या गणपतीला चालत जाऊन पाय सुजले ते दिवस, सगळ्यांवर फुल्या. दुपट्याच्या नक्षीला हात घालताना त्यांनी हिशेब पुरा केला आणि कंपनीस पत्र लिहिले. कंपनीच्या पानावर कोपऱ्यात एक चौकट होती, त्यात कुणी एमिली नावाची मुलगी मदतीस बसलेली असे. वसुधाबाईंनी सुशांतकडून, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या, विजय नगरातल्या संगणक कंपनीत नुकत्याच लागलेल्या पुण्याच्या मुलाकडून, मजकूर इंग्रजीत करून घेतला.

"आजी, हे 'चिरंजीव एमिली हिस अनेक उत्तम आशीर्वाद' काढून टाकू का?" सुशांतने विचारले.

"का? ती मुलगी नाही?"

"ती मशीन आहे."

"मग आशीर्वाद राहू दे. यंत्रालाही आम्ही दसऱ्याला झेंडू वाहतो."

एमिलीने तत्क्षणी उत्तर दिले. आमचा प्रोग्राम तुम्हाला आवडतो हे ऐकून तिला फार आनंद झाला होता. वसुधाबाईंनी पुन्हा लिहिले की आवडण्याचा प्रश्न नसून खाड्यांचा आहे. एमिलीने त्यांना वार्षिक योजनेची माहिती पाठवली. वसुधाबाईंनी तिसऱ्यांदा लिहिले, स्वर किंचित चढवून. एमिलीने विचारले, आपल्या संभाषणाला किती तारे द्याल?

"तारे मागते!" वसुधाबाई म्हणाल्या. दूधवाल्यानेही कधी तारे मागितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या इरकली नेसून बँकेत गेल्या. अप्पासाहेबांनी स्कूटर काढली, कारण नकार देण्याची वेळ निघून गेली होती. काउंटरवरच्या साहेबांना त्यांनी खाडे वजा करून उरलेली रक्कमच कंपनीला जाऊ द्यावी, असे सांगितले.

"माताजी," साहेब म्हणाले, "ये मैंडेट है. इसमें या तो पूरा कटेगा या नहीं कटेगा. कम-ज़्यादा का सिस्टम नहीं है."

"का नाही? मी सांगते आहे ना. माझा पैसा, माझा खाडा."

"खाडा क्या होता है, भिया?" साहेबांनी अप्पासाहेबांना हळूच विचारले.

"अरे, दूध वाला नागा," अप्पासाहेब म्हणाले. "जिस दिन नहीं आया उस दिन का पैसा कट."

"लेकिन माताजी, ये तो रोज़ आ रहा है. आप खोल नहीं रहीं."

बाकड्यावर पेन्शनसाठी बसलेल्या मंडळींचे कान इकडे वळले. वसुधाबाईंनी पदर सावरला. "दूधवाला दारात येऊन उभा राहिला आणि मी पातेलं पुढे केलं नाही, तर तो दूध जमिनीवर ओतून पैसे मागतो का?"

बाकड्यावरून कुणीतरी "सही बात है" म्हणाले. साहेबांनी घाम पुसला. मग वसुधाबाईंनी शांतपणे निर्णय दिला: कंपनी शुद्धीवर येईपर्यंत काहीच कापू नये. साहेबांनी मोठ्या सुटकेने मँडेट, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापण्याची परवानगी, बंद केले आणि चहा मागवला. वसुधाबाईंनी चहा घेतला नाही.

पैसे अडवले की दूधवाला तिसऱ्या दिवशी दारात येतो, हा त्यांचा अनुभव होता. कंपनीही येईल. तोवर त्यांनी नक्षी पुरी केली. नामकरण बौद्ध घरातले, म्हणून त्यांनी हत्ती निवडला आणि भोवती पिंपळपानांची किनार. एक सोंड त्यांनी चार वेळा बदलली; सोंडेत ऐट हवी, माज नको. कापड म्हणून स्वतःची जुनी मलमलची साडी काढली. ती त्यांच्या सगळ्या साड्यांत मऊ होती आणि दुसरी तशी नव्हती. तिची त्यांनी मधोमध दोन पाने केली, एक दुपट्याला, एक राखीव.

पाच तारीख उलटली. सहा तारखेला सकाळी अंघोळ करून त्या यंत्रापाशी बसल्या. प्रोग्राम उघडला. हत्ती दिसला. परंतु हत्तीच्या बरोबर पोटावर एक पांढरी चौकट बसली होती आणि तीत लिहिले होते की भाडे थकल्यामुळे आता नक्षी केवळ पाहता येईल. बदलता येणार नाही, यंत्राला पाठवता येणार नाही. खाली निळे बटण होते: नूतनीकरण करा.

वसुधाबाई बराच वेळ त्या चौकटीकडे पाहत राहिल्या. त्यांच्या हाताने काढलेला हत्ती त्यांच्याच घरात त्यांना काचेआडून दाखवला जात होता.

नामकरण येत्या रविवारी होते.

ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण ती अप्पासाहेबांना ठाऊक होती. प्रथम तळमजल्यावरचे दौलतराव आले. दौलतराव सहकारी संस्थेतून निवृत्त झाले होते, आणि निवृत्तीनंतर त्यांच्यापाशी तक्रार करण्याचे ज्ञान शिल्लक राहिले होते.

"वहिनी, ग्राहक मंचात खेचा. तीन प्रती काढा अर्जाच्या. एकावर पोच घ्या. मी ड्राफ्ट करून देतो, दोन-तीन वर्षांत निकाल लागून जाईल."

"तोपर्यंत मूल शाळेत जाईल, भाऊजी."

"मग शाळेचं दप्तर द्या," दौलतराव म्हणाले. तक्रार करणाऱ्या माणसाची कल्पनाशक्ती अशी मध्येच उसळते.

सुशांत संध्याकाळी आला, मोजे काढून. त्याने सल्ला दिला नाही. आजकालच्या मुलांप्रमाणे लॅपटॉपच ओढून घेतला. "आजी, सिंपल आहे. नवीन ई-मेल बनवू, नवीन अकाउंट, चौदा दिवस फ्री ट्रायल. तुमचं डिझाईन मी जुन्या अकाउंटवरून शेअर मारतो. काम होऊन जाईल."

"दुसऱ्याच नावाने?"

"नाव तुमचंच. फक्त ई-मेल वेगळा."

वसुधाबाईंना ते पसंत नव्हते. नाव बदलून दूध घेणे त्यांच्या घरी कधी घडले नव्हते. परंतु रविवार जवळ येत होता, आणि दुर्गाबाईंसमोर रिकाम्या हाताने उभे राहण्याचे चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हते. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. नव्या खात्यावर हत्ती खरोखरच मोकळा झाला. पोटावरची चौकट गेली, यंत्राने त्याला ओळखले, आणि राखाडी व डोळ्यापुरते काळे, असे दोन्ही रेशीम भरताच यंत्र सुरू झाले.

ते काम पाहण्यासारखे होते हे मान्य केले पाहिजे. सोंड उमटली, कान उमटले, चार पाय जमिनीवर टेकले. दौलतराव, त्यांच्या पत्नी आणि सुशांत खुर्च्या ओढून बसले होते. अप्पासाहेबांनी पोहे-जलेबी मागवली होती. शेपटीचा गोंडा पुरा झाला तेव्हा टाळ्या पडल्या. वसुधाबाईंनी यंत्र थांबण्याची वाट पाहिली. यंत्र थांबले नाही.

ते मधोमध सरकले, हत्तीच्या पोटावर आले, आणि जाड काळ्या टाक्याने अक्षरे भरू लागले. एकेक अक्षर ठसठशीत, कंपनीचे नाव, आणि त्याच्याखाली: चाचणी प्रत, वापरास योग्य नाही.

"अरे बाप रे, वॉटरमार्क!" सुशांत उठला. "थांबवा, थांबवा!"

"कुठून थांबवू?" वसुधाबाईंनी हात पुढे केला, पण फ्रेममध्ये सुई खाली होती आणि मजकूर अर्ध्यावर असताना बटण ऐकत नव्हते. प्लग काढेपर्यंत काळे रेशीम शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचले होते.

 मग अप्पासाहेब म्हणाले, "हत्ती तरी मस्त निघाला यार."

वसुधाबाईंनी वीजतारेकडे, मग सुशांतकडे, मग जलेबीकडे पाहिले. "सुशांत," त्या म्हणाल्या, "हे पोहे आधी खाऊन घे. बोलायचं ते मी नंतर बोलते." ते बोलणे झालेच नाही. जे बोलायला हवे होते त्यासाठी शब्द हिंदीतून उसने आणावे लागले असते.

अक्षरे उसवण्याचा प्रयत्न त्यांनी दुसऱ्या दिवशी केला. काळे टाके निघाले, पण मलमलीवर भोकांची तीच अक्षरे राहिली, आणि उजेडापुढे धरल्यावर ती अधिक स्पष्ट वाचता येऊ लागली. त्या पानाचे त्यांनी लॅपटॉपवर टाकायला फडके केले. उरले राखीव पान.

आता मानाचा प्रश्न बाजूला ठेवून, पुरे भाडे भरायचे, असे त्यांनी ठरवले. हा निर्णय त्यांच्या आयुष्यातल्या मोजक्या माघारींपैकी एक; त्याचे श्रेय दुर्गाबाईंना जाते. निळे बटण दाबले. एमिली प्रसन्नतेने उगवली. एकदा भाडे थांबल्यामुळे जुना दर आता मिळणार नव्हता. नव्याने येणाऱ्यांस वार्षिक योजना होती, वर्षाचे एकदम. एका हत्तीसाठी एक वर्ष.

"भरा," वसुधाबाई म्हणाल्या.

अप्पासाहेबांनी कार्ड टाकले. कार्ड परदेशी व्यवहाराला बंद होते. ते उघडायला बँकेचा संदेश लागतो. संदेश सुधाकरच्या फोनवर गेला, कारण यंत्राबरोबरच सगळे त्याच्या नंबरावर जोडलेले होते. सुधाकर मीटिंगमध्ये होता. तो बाहेर आला तेव्हा त्या संदेशाची मुदत उलटून गेली होती. दुसरा संदेश मागवला. या खेपेस सुधाकरने आकडे कळवले, परंतु ते वडिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर आले, आणि वडिलांचा फोन चार्जिंगला शेजारच्या खोलीत होता. शेवटी पुन्हा बँक.

"माताजी," तेच साहेब म्हणाले. आता ते उभे राहिले होते. "नया मैंडेट चालू होने में सात वर्किंग डे लगेंगे. और बीच में शनिवार-इतवार है."

"बंद करायला किती लागले होते?"

साहेबांनी खाली पाहिले. "वो तो तुरंत होता है."

"तुमच्या सोयीचं सगळं तुरंत होतं," वसुधाबाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी चहा घेतला. तो गोड होता, आणि त्यांना ते बरे वाटले.

घरी येऊन त्या यंत्रासमोर बसल्या, काही करण्यासाठी नव्हे, बसण्यासाठी. लॅपटॉप उघडा होता, जुन्याच खात्यावर. हत्ती होता, पोटावर चौकट होती. भाडे थकले तरी पाहण्याला मनाई नव्हती. पाहता येईल, असे कंपनीने स्वतःच लिहून दिले होते. वसुधाबाईंनी ते वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचले. आयुष्यभर नियमांचे पालन केलेल्या माणसाला नियमातली फट दिसायला वेळ लागतो, पण एकदा दिसली की तो तिच्यातून सपरिवार जातो.

"अहो," त्यांनी हाक मारली, "करंज्यांना घालतो तो बटर पेपर आणा. आणि इकडे या. हा लॅपटॉप उभा धरा."

"अगं, पण..."

"सरळ धरा. हत्ती वाकडा होतोय."

अप्पासाहेबांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उभा धरला. वसुधाबाईंनी पडद्यावर बटर पेपर टेकवला. मागचा उजेड कागदातून आला आणि हत्ती त्यात उतरला, जणू गारव्याला पाण्यात उभा आहे. त्यांनी पेन्सिल चालवायला सुरुवात केली. पडदा मध्येच झोपी जाई. मग अप्पासाहेबांना हनुवटीने एक कळ दाबावी लागे, कारण हात अडकलेले होते. "जागवा याला, जागवा याला," वसुधाबाई म्हणत, आणि अप्पासाहेब मान खाली घालून संगणकाला जागे ठेवीत. दौलतराव ग्राहक मंचाचा मसुदा घेऊन आले होते, ते दारातच थांबले. त्यांना वाटले, काही विधी चालला आहे.

सोंड आली, कान आले, पिंपळपाने आली. पोट आले नाही. पोटाच्या जागी ती पांढरी चौकट होती, चार कोपरे, चार कडा, आणि मध्ये निळे बटण. चौकटीखालचा हत्ती कंपनीने ठेवून घेतला होता.

"आता?" अप्पासाहेबांनी विचारले. त्यांचे हात दुखू लागले होते.

वसुधाबाईंनी पेन्सिल चौकटीच्या कडेवरून फिरवली. मग खालच्या कडेला त्यांनी झालरीचे गोंडे काढले, वरून एक पट्टा पाठीवर नेला, आणि जिथे निळे बटण होते तिथे अष्टदलाचे फूल घातले. कंपनीची चौकट हत्तीच्या पाठीवरची झूल झाली.

"हो गया," अप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांनी लॅपटॉप असा खाली ठेवला की तो मिटला. पुन्हा कुणी उघडला नाही.

आता शिवण्याचे राहिले. ज्या यंत्राला नक्षी पाठवता येत नव्हती, ते साध्या शिलाईला मात्र अजून तयार होते. साध्या शिलाईचे भाडे कुणी लावले नव्हते. वसुधाबाईंनी कागदावरची नक्षी कापडावर उतरवली, कापड पुढे ओढणारे यंत्राचे दाते खाली केले, कापड फ्रेममध्ये ताणून बसवले, आणि सुई चालू करून फ्रेम दोन्ही हातांनी सरकवू लागल्या. क्वार्टरच्या दिवसांत त्या शिवणवर्गात हे शिकल्या होत्या. अंगठ्याला चिमूट धरावी लागत नाही, तळवे पुरतात. सुई जागेवर नाचते, कापड तिच्याखालून फिरते, आणि कापड फिरवणाऱ्याचे मन जसे असेल तशी रेघ येते. पहिली रेघ थरथरली. ती त्यांनी पिंपळपानाची शीर म्हणून ठेवून दिली. पुढे थरथर थांबली.

शनिवारी संध्याकाळी दुपटे तयार झाले. अप्पासाहेबांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिले आणि विचारले, "यात सीधी बाजू कोणती?" पन्नास वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच योग्य प्रश्न विचारला होता.

महूला रविवारी दुपारी बुद्धवंदना झाली, मैत्रीच्या मुलीचे नाव सुजाता ठेवले, खीर वाटली. पाहुणे पुढच्या खोलीत बसले. मैत्रीने आधी वसुधाबाईंना वाकून नमस्कार केला आणि मग दुपट्याकडे पाहून म्हणाली, "आजी, कित्ती क्यूट हत्ती!" वसुधाबाईंनी तो शब्द कृपेने स्वीकारला. त्यांचे लक्ष दुसरीकडे होते.

दुर्गाबाईंनी चष्मा पुसला आणि लावला. दुपटे मांडीवर पसरले. किनारीवरून बोट फिरवत एक कोपरा पुरा केला, मग दुसरा. मग त्या जे करतील असे वसुधाबाईंना ठाऊक होते, तेच त्यांनी केले: दुपटे उलटे केले. खोलीत बायका बोलत होत्या, मुले पळत होती. वसुधाबाई ताठ बसल्या होत्या.

"ही झूल कुठून काढलीस गं?" दुर्गाबाईंनी विचारले.

"का? बरी नाही?"

"बरी नाही कशी! हत्ती सगळेच काढतात. झूल अशी चौकोनात बसवून, मध्ये कमळ घालून, मी नाही पाहिली कुठं. कुणी शिकवली?"

एमिलीचे नाव वसुधाबाईंच्या ओठांपर्यंत आले. त्यांनी ते तिथेच अडवले. "सुचली," त्या म्हणाल्या.

"अंगठा तर धरलाय म्हणे तुझा. अप्पासाहेब सांगत होते फोनवर."

"तळव्यांना काही झालेलं नाही."

दुर्गाबाई हसल्या. मग त्यांनी मैत्रीच्या कुशीतून पणतीला घेतले, दुपटे सतरंजीवर अंथरले आणि बाळाला हत्तीवर निजवले. सुजाताने हातपाय झाडले, छताकडे पाहिले, जमलेल्या बायकांकडे पाहिले, आणि क्षणभर अत्यंत गंभीर चेहरा केला. झुलीवरचे कमळ हळूहळू गडद होऊ लागले. ओल गोंड्यांपर्यंत पसरली, सोंडेपर्यंत गेली.

"अरे, अरे, नवीन आहे ते!" मैत्री धावली. "मी बदलते."

"राहू दे," दुर्गाबाईंनी हात आडवा केला. "दुपट्यावर बाळ ओलं झालं की दुपटं पोचलं. आजपर्यंत बाकी होतं, वसुधा. आता फिटलं."

वसुधाबाईंनी खात्री करून घेणे आवश्यक मानले. "सगळं?"

"सगळं. एक टाकासुद्धा राहिला नाही."